घोरणे

घोरणे म्हणजे झोपेत श्वास घेताना घशातील मऊ भाग थरथरल्यामुळे निर्माण होणारा आवाज होय. नाकाच्या मागील बाजूपासून स्वरयंत्रापर्यंतचा श्वासमार्ग झोपेत सैल व अरुंद होतो आणि त्यातून जाणाऱ्या हवेमुळे मऊ टाळू, पडजीभ, जिभेचे मूळ किंवा घशाच्या भिंती कंप पावतात. सर्दी झाली असताना, अतिशय थकवा आल्यावर किंवा मद्यपानानंतर एरवी न घोरणारी व्यक्तीही घोरू शकते. आठवड्यातील बहुतेक रात्री घोरणाऱ्या व्यक्तीस वैद्यकीय परिभाषेत ‘नित्य घोरणारी’ असे म्हणतात.

घोरणे हा स्वतंत्र आजार नसून ते एक लक्षण आहे. पुष्कळ व्यक्तींच्या बाबतीत ते निरुपद्रवी असते आणि त्याचा त्रास मुख्यतः शेजारी झोपणाऱ्यास होतो. तथापि झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या ‘अवरोधक निद्रा श्वासरोध’ या विकाराचेही ते सर्वांत ठळक लक्षण आहे. हा विकार ‘स्लीप ॲप्निया’ या नावाने अधिक परिचित असून उच्च रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात, टाइप २ मधुमेह आणि वाहन अपघात यांच्याशी त्याचा संबंध आढळला आहे. मोठ्याने घोरणे ही गाढ झोपेची खूण होय, असा समज सर्वत्र प्रचलित आहे. प्रत्यक्षात स्लीप ॲप्निया असलेल्या व्यक्तीची झोप रात्रीतून अनेकदा मोडत असते आणि तिला स्वतःला त्याची जाणीव नसते.

आवाज निर्माण होण्याची प्रक्रिया

नाकाच्या पोकळीभोवती हाडांचा व कूर्चेचा आधार असतो; श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो. या दोहोंमधील घशाच्या भागाला मात्र असा कठीण सांगाडा नाही. गिळणे आणि बोलणे या क्रियांसाठी हा भाग लवचिक असणे आवश्यक असते. जागेपणी जिभेचे व घशाचे स्नायू ताणलेले राहून हा मार्ग खुला ठेवतात. झोप लागल्यावर त्या स्नायूंचा ताण कमी होतो. शीघ्र नेत्रचलनाच्या, म्हणजे बहुतेक स्वप्ने पडतात त्या झोपेच्या अवस्थेत तो आणखी घटतो.

मार्ग अरुंद झाला की त्यातून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो आणि त्या ठिकाणचा दाब कमी होतो. त्यामुळे मऊ भिंती आत ओढल्या जातात, पुन्हा मागे सरकतात व ही हालचाल वेगाने चालू राहून आवाज निर्माण होतो. उताणे झोपल्यावर गुरुत्वाकर्षणामुळे जीभ व मऊ टाळू मागे पडतात. म्हणून अनेक व्यक्ती केवळ उताण्या स्थितीत घोरतात आणि कुशीवर वळवताच आवाज थांबतो किंवा कमी होतो.

आवाजाचे स्थान व्यक्तिपरत्वे बदलते. काहींमध्ये मऊ टाळू व पडजीभ, काहींमध्ये जिभेचे मूळ, तर काहींमध्ये टॉन्सिल किंवा घशाच्या बाजूच्या भिंती कारणीभूत असतात. एकाच व्यक्तीत एकाहून अधिक ठिकाणी अडथळा असणेही सामान्य आहे. एका व्यक्तीस उपयोगी ठरलेला उपाय दुसऱ्यास निरुपयोगी ठरतो, त्याचे एक कारण हे आहे.

प्रमाण

घोरणाऱ्यांच्या प्रमाणाबाबत निरनिराळ्या पाहण्यांत बरीच तफावत आढळते. घोरणारी व्यक्ती स्वतःचा आवाज ऐकत नाही, त्यामुळे प्रश्नावलीतील उत्तर बहुधा जोडीदाराने किंवा कुटुंबीयांनी दिलेल्या माहितीवर अवलंबून असते. एकट्याने झोपणाऱ्या व्यक्तींना आपण घोरतो हे ठाऊक नसण्याची शक्यता अधिक असते. शिवाय ‘नित्य’ घोरण्याची व्याख्याही प्रत्येक अभ्यासात सारखी नसते.

या विषयावरील आरंभीच्या मोठ्या पाहण्यांपैकी एक इटलीतील संशोधक एलिओ लुगारेसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सान मारिनो या छोट्या देशात केली. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ५,७१३ व्यक्तींचा समावेश होता. त्यांपैकी सुमारे १९ टक्के व्यक्ती (पुरुषांत २४ टक्के, स्त्रियांत १४ टक्के) नित्य घोरणाऱ्या होत्या. वयानुसार हे प्रमाण वाढत जात असल्याचे दिसले. नित्य घोरणाऱ्यांमध्ये उच्च रक्तदाब अधिक असल्याची नोंदही या पाहणीत झाली.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात टेरी यंग व सहकाऱ्यांनी ३० ते ६० वर्षे वयाच्या ६०२ राज्य कर्मचाऱ्यांची रात्रभर झोप तपासणी केली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार ४४ टक्के पुरुष व २८ टक्के स्त्रिया नित्य घोरणाऱ्या होत्या. झोपेत श्वास अडण्याचे प्रमाण तासाला ५ किंवा त्याहून अधिक वेळा असलेले पुरुष २४ टक्के व स्त्रिया ९ टक्के होत्या. श्वास अडण्याबरोबर दिवसा अतिरिक्त झोप येण्याची तक्रारही असलेल्यांचे प्रमाण पुरुषांत ४ टक्के व स्त्रियांत २ टक्के होते. याचा अर्थ, नित्य घोरणाऱ्यांपैकी मोठ्या गटाला स्लीप ॲप्निया नव्हता; परंतु ज्यांना तो होता त्यांची संख्याही तोपर्यंतच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक निघाली. याच संशोधकांच्या १९९७ मधील विश्लेषणानुसार मध्यम ते तीव्र विकार असलेल्यांपैकी सुमारे ९३ टक्के स्त्रियांचे व ८२ टक्के पुरुषांचे निदानच झालेले नव्हते.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार ३० ते ६९ वर्षे वयोगटातील सुमारे ९३.६ कोटी व्यक्तींना कमीअधिक स्वरूपाचा स्लीप ॲप्निया असून त्यांपैकी सुमारे ४२.५ कोटी व्यक्तींमध्ये तो मध्यम ते तीव्र आहे.

भारतातील स्थिती

भारतीय लोकसंख्येतील एक महत्त्वाचा अभ्यास मुंबईत झाला. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी रुग्णालयात आलेल्या ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांना झोपेविषयी प्रश्न विचारले. प्रश्नावली भरून देणाऱ्या ६५८ पुरुषांपैकी १७१ म्हणजे २६ टक्के पुरुष नित्य घोरणारे होते. त्यानंतर २५० जणांची घरीच रात्रभर तपासणी करण्यात आली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात श्वास अडण्याचे प्रमाण (तासाला ५ किंवा अधिक वेळा) १९.५ टक्के, तर त्यासोबत दिवसा अतिरिक्त झोप येण्याचे प्रमाण ७.५ टक्के असल्याचा अंदाज वर्तवण्यात आला. वजन, मानेचा घेर आणि मधुमेहाचा पूर्वेतिहास हे या विकाराशी निगडित प्रमुख घटक ठरले. हे पुरुष आजारी म्हणून रुग्णालयात आलेले नव्हते, ही बाब या आकडेवारीच्या संदर्भात महत्त्वाची आहे.

दिल्लीतील लोकसंख्येवर आधारित व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्लीप ॲप्नियाचे प्रमाण सुमारे १३.७ टक्के, तर लक्षणांसह असलेल्या विकाराचे प्रमाण सुमारे ३.६ टक्के आढळले. भारतीयांमध्ये पाश्चात्त्य लोकांच्या तुलनेत कमी वजनावरही पोटाभोवती चरबी साठते. म्हणून भारतात शरीरवस्तुमान निर्देशांक २५ किंवा त्याहून अधिक असल्यास लठ्ठपणा मानण्याची शिफारस तज्ज्ञांनी केली आहे. त्यामुळे फारशी लठ्ठ न दिसणारी व्यक्तीही या विकारापासून मुक्त असेलच असे नाही. भारतीय डॉक्टरांसाठी या विकाराच्या निदानाची व उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे २०१४ मध्ये तयार करण्यात आली.

कारणे व जोखीम वाढवणारे घटक

घोरण्यास पुढील घटक कारणीभूत ठरतात किंवा त्याची तीव्रता वाढवतात:

• वजन: मानेभोवती व जिभेत साठलेली चरबी श्वासमार्ग अरुंद करते, तर पोटावरील चरबीमुळे झोपेत फुप्फुसांचे आकारमान घटते. हा सर्वांत महत्त्वाचा व बदलता येण्याजोगा घटक आहे.
• वय: वाढत्या वयाबरोबर घशाच्या स्नायूंचा ताण कमी होतो.
• लिंग: पुरुषांमध्ये प्रमाण अधिक असते, रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्येही ते वाढते.
• चेहऱ्याची व घशाची ठेवण: लहान किंवा मागे असलेला खालचा जबडा, मोठी जीभ, लांब मऊ टाळू, मोठे टॉन्सिल.
• नाकातील अडथळा: नाकाचा वाकडा पडदा, ॲलर्जीमुळे होणारी सर्दी, नाकातील मांसल गाठी.
• मद्य व झोपेची औषधे: ही घशाचे स्नायू अधिक सैल करतात व मेंदूची जागे होण्याची प्रतिक्रिया मंदावतात.
• धूम्रपान: घशाच्या अस्तराला सूज येते.
• इतर आजार: थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावणे, तसेच वाढीचे संप्रेरक प्रमाणाबाहेर स्रवल्याने होणारा ॲक्रोमेगॅली हा विकार.
• आनुवंशिकता: जबड्याची ठेवण व लठ्ठपणाची प्रवृत्ती यांमुळे एकाच कुटुंबात अनेक व्यक्ती घोरणाऱ्या असू शकतात.

साधे घोरणे आणि स्लीप ॲप्निया

श्वासमार्ग किती प्रमाणात बंद होतो, यावर घोरण्याचे वैद्यकीय महत्त्व ठरते. मार्ग किंचित अरुंद असेल तर केवळ आवाज होतो. हवेचा पुरवठा पुरेसा राहतो व झोप मोडत नाही. याला साधे किंवा प्राथमिक घोरणे म्हणतात. मार्ग बराच अरुंद झाल्यास आत जाणारी हवा घटते. याला अल्पश्वसन म्हणतात. मार्ग पूर्ण मिटून हवेचा प्रवाह किमान १० सेकंद थांबल्यास त्याला श्वासरोध म्हणतात.

श्वासरोधाचे चक्र ठरावीक क्रमाने चालते. मोठ्याने घोरणारी व्यक्ती एकाएकी शांत होते. या शांततेत छाती व पोट श्वास घेण्यासाठी हलत असतात, परंतु हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू कमी होतो व कार्बन डायऑक्साइड वाढतो. काही सेकंदांनी, क्वचित एक मिनिटाहून अधिक काळाने, मेंदू क्षणभर जागा होतो, घशाचे स्नायू ताणले जातात आणि धाप लागल्यासारखा किंवा गुदमरल्यासारखा आवाज होऊन श्वास पुन्हा सुरू होतो. ही जाग इतकी अल्पकाळ टिकते की सकाळी तिची आठवण राहत नाही. तीव्र विकारात हे चक्र तासाला ३० किंवा त्याहून अधिक वेळा घडते.

म्हणून घोरण्याचा आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो मध्येच थांबतो का, याकडे लक्ष देणे अधिक उपयुक्त ठरते. जोडीदाराला पुन्हा शांतता मिळाल्यासारखे वाटते तो क्षण प्रत्यक्षात श्वास थांबल्याचा असू शकतो. पुढील लक्षणे घोरण्यासोबत असल्यास तपासणी करून घेणे आवश्यक मानले जाते:

• झोपेत श्वास थांबल्याचे कुणी पाहिलेले असणे
• गुदमरून किंवा दचकून जाग येणे
• पुरेसे तास झोपूनही सकाळी ताजेतवाने न वाटणे, डोके दुखणे, तोंड कोरडे पडणे
• वाचताना, बैठकीत, प्रवासात किंवा वाहन चालवताना डुलकी लागणे
• रात्री वारंवार लघवीस उठावे लागणे
• एकाग्रता व स्मरणशक्ती कमी होणे, चिडचिडेपणा
• औषधांनी आटोक्यात न येणारा उच्च रक्तदाब

याउलट, न घोरणाऱ्या व्यक्तीस झोपेतील श्वसनाचा विकार नसतोच असे नाही. मेंदूकडून श्वसनाची प्रेरणाच खंडित होणाऱ्या केंद्रीय निद्रा श्वासरोधात घोरण्याचा आवाज नसू शकतो. हा प्रकार हृदयाची पंपक्षमता मंदावलेल्या काही रुग्णांत आढळतो.

आरोग्यावरील परिणाम

हृदय व रक्तवाहिन्या

प्रत्येक श्वासरोधाच्या वेळी प्राणवायू घटतो, बंद मार्गातून श्वास ओढण्याच्या प्रयत्नामुळे छातीतील दाबात मोठे चढउतार होतात आणि सहानुभूती चेतासंस्था उद्दीपित होऊन रक्तदाब उसळतो. निरोगी व्यक्तीचा रक्तदाब रात्री उतरतो. या रुग्णांमध्ये बहुधा तो तसा उतरत नाही. विस्कॉन्सिन येथील सहभागींच्या पाठपुराव्यातून, श्वासरोधाचे प्रमाण जितके अधिक तितकी पुढील काही वर्षांत उच्च रक्तदाब जडण्याची शक्यता अधिक, असा निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयाची अनियमित गती, हृदयाच्या धमन्यांचा विकार, हृदयाची पंपक्षमता मंदावणे व पक्षाघात यांच्याशीही या विकाराचा संबंध दिसून आला आहे.

स्पेनमध्ये होसे मारिन व सहकाऱ्यांनी पुरुषांच्या पाच गटांचा सरासरी १० वर्षे पाठपुरावा केला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उपचार न घेतलेल्या तीव्र स्लीप ॲप्नियाच्या रुग्णांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व त्यांमुळे होणारे मृत्यू निरोगी पुरुषांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक होते. केवळ घोरणाऱ्या पुरुषांमध्ये अशी लक्षणीय वाढ दिसली नाही. साधे घोरणे व श्वासरोध यांत फरक करणे का आवश्यक आहे, हे या निष्कर्षावरून स्पष्ट होते. दुसरीकडे, तीव्र घोरण्याच्या सततच्या कंपनांमुळे मानेतील रक्तवाहिन्यांना इजा पोहोचते का, या प्रश्नावर संशोधकांत मतभेद आहेत. ऑस्ट्रेलियात झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात असा संबंध आढळला होता.

चयापचय

स्लीप ॲप्निया असलेल्यांमध्ये इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावलेला आढळतो आणि टाइप २ मधुमेहाचे प्रमाण अधिक असते. लठ्ठपणा हे दोन्ही विकारांचे समान कारण आहे. तथापि वजनाचा परिणाम वेगळा काढल्यानंतरही हा संबंध अनेक अभ्यासांत शिल्लक राहिला आहे.

जागेपण, काम व अपघात

तुकड्यातुकड्यांनी झालेल्या झोपेमुळे दिवसा झोप येते, प्रतिक्रिया मंदावतात व मन उदास राहू शकते. स्लीप ॲप्निया असलेल्या चालकांकडून वाहन अपघात होण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो आणि उपचारांनी तो कमी होतो, असे दिसून आले आहे. ब्रिटनमध्ये दिवसा अतिरिक्त झोप येणारा स्लीप ॲप्निया असल्यास तो परवाना देणाऱ्या यंत्रणेस कळवणे चालकावर बंधनकारक आहे. ट्रक व बसचालक, यंत्रांवर काम करणारे कामगार यांच्या बाबतीत घोरण्याची विचारपूस म्हणूनच विशेष महत्त्वाची ठरते.

शस्त्रक्रिया व भूल

भुलीची व वेदनाशामक अफूजन्य औषधे घशाचे स्नायू सैल करतात. स्लीप ॲप्निया असलेल्या रुग्णाचा श्वासमार्ग शस्त्रक्रियेनंतरच्या काळात बंद होण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी घोरण्याविषयीची माहिती भूलतज्ज्ञास देणे आवश्यक असते.

लहान मुलांमधील घोरणे

सर्दीपुरते घोरणारी मुले पुष्कळ असतात. परंतु मुलाने बहुतेक रात्री घोरणे सामान्य मानले जात नाही. मुलांमधील स्लीप ॲप्नियाचे प्रमाण सुमारे १ ते ५ टक्के असून वाढलेले टॉन्सिल व ॲडेनॉइड हे त्याचे प्रमुख कारण आहे. लठ्ठपणा हेही आता महत्त्वाचे कारण झाले आहे.

मुलांमध्ये लक्षणे वेगळ्या रूपात दिसतात. दिवसा पेंगण्याऐवजी मूल अतिचंचल, हट्टी किंवा अभ्यासात मागे पडणारे वाटू शकते. तोंडाने श्वास घेणे, मान मागे टाकून झोपणे, झोपेत घाम येणे, मोठ्या वयातही अंथरुणात लघवी होणे आणि वजन व उंची न वाढणे ही इतर लक्षणे होत. अशा मुलाच्या वर्तनाबद्दल शाळेतून तक्रारी येत असताना मूळ कारण त्याच्या झोपेत असल्याचे लक्षात येण्यास विलंब होऊ शकतो. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्येक मुलाच्या तपासणीत घोरण्याविषयी विचारणे अपेक्षित आहे.

५ ते ९ वर्षे वयाच्या ४६४ मुलांवरील व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत टॉन्सिल व ॲडेनॉइड काढल्यानंतर ७९ टक्के मुलांची झोप तपासणी सामान्य झाली. शस्त्रक्रिया न करता केवळ देखरेखीखाली ठेवलेल्या गटात हे प्रमाण ४६ टक्के होते. शस्त्रक्रियेनंतर वर्तन व जीवनमान सुधारले, मात्र अवधानाच्या चाचण्यांत लक्षणीय फरक पडला नाही.

स्त्रियांमधील घोरणे

स्त्रियांमध्ये स्लीप ॲप्नियाचे निदान तुलनेने कमी होते. थकवा, निद्रानाश, सकाळची डोकेदुखी व उदासीनता अशा तक्रारी घेऊन त्या डॉक्टरांकडे जातात आणि या तक्रारींचा संबंध घोरण्याशी जोडला जात नाही. घोरणे हे स्त्रीला न शोभणारे मानले जात असल्याने ते सांगण्यास संकोच वाटतो. गरोदरपणाच्या उत्तरार्धात नाकाच्या अस्तराला येणारी सूज व वाढलेले वजन यांमुळे अनेक स्त्रिया घोरू लागतात. गरोदरपणात नव्याने सुरू झालेल्या घोरण्याचा गरोदरपणातील उच्च रक्तदाब व प्रीएक्लॅम्प्सिया यांच्याशी संबंध आढळला असल्याने ते प्रसूतितज्ज्ञांच्या कानावर घालणे इष्ट असते.

निदान

निदानाची सुरुवात विचारपूस व तपासणीने होते. शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीची माहिती येथे महत्त्वाची असते. काही कुटुंबे मोबाइलवर आवाजाचे ध्वनिमुद्रण करून डॉक्टरांना ऐकवतात. नाक, टाळू, टॉन्सिल, जबडा, मानेचा घेर, वजन व रक्तदाब तपासले जातात.

प्राथमिक चाळणीसाठी प्रश्नावल्या वापरल्या जातात. टोरांटो येथे फ्रान्सिस चंग व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडलेल्या ‘स्टॉप-बँग’ प्रश्नावलीत घोरणे, थकवा, श्वास थांबल्याचे निरीक्षण, रक्तदाब, शरीरवस्तुमान निर्देशांक, वय, मानेचा घेर व लिंग या आठ बाबींचा विचार होतो. ऑस्ट्रेलियातील मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये तयार केलेल्या ‘एपवर्थ’ मापनश्रेणीत आठ प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता ० ते २४ गुणांत मोजतात. १० पेक्षा अधिक गुण दिवसा अतिरिक्त झोप येत असल्याचे दर्शवतात.

निश्चित निदानासाठी रात्रभराची झोप तपासणी, म्हणजेच पॉलिसोम्नोग्राफी, करतात. तीत मेंदूचे तरंग, डोळ्यांची व स्नायूंची हालचाल, नाकातील हवेचा प्रवाह, छाती-पोटाची हालचाल, हृदयाची गती व रक्तातील प्राणवायू यांची नोंद होते. निवडक रुग्णांमध्ये कमी संवेदक असलेली घरगुती तपासणी पुरेशी ठरते. श्वासरोध व अल्पश्वसन यांच्या एकत्रित संख्येला झोपेच्या तासांनी भागून मिळणाऱ्या निर्देशांकावरून प्रौढांमधील तीव्रता ठरते: ५ पेक्षा कमी सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० किंवा अधिक तीव्र.

उपचार

जीवनशैलीतील बदल

साध्या घोरण्यात वजन कमी करणे, झोपण्यापूर्वी मद्य व अनावश्यक झोपेची औषधे टाळणे, धूम्रपान सोडणे, कुशीवर झोपणे आणि नाकाच्या ॲलर्जीवर उपचार घेणे हे पहिले उपाय होत. विस्कॉन्सिन येथील अभ्यासात वजन १० टक्क्यांनी घटल्यास श्वासरोधाचा निर्देशांक सुमारे २६ टक्क्यांनी घटतो, तर १० टक्क्यांनी वाढल्यास तो सुमारे ३२ टक्क्यांनी वाढतो, असा अंदाज मांडण्यात आला.

हवेचा दाब देणारे यंत्र

मध्यम व तीव्र स्लीप ॲप्नियावरील मुख्य उपचार ‘सीपॅप’ या यंत्राचा आहे. नाकावर किंवा नाक-तोंडावर बसवलेल्या मास्कमधून सतत दाबाने येणारी हवा घसा आतून उघडा धरते. यामुळे घोरणे व श्वासरोध त्याच रात्री थांबू शकतात आणि दिवसाची झोपाळू अवस्था सुधारते. यंत्र वापरेपर्यंतच त्याचा परिणाम टिकतो. मास्कची अडचण, नाक कोरडे पडणे व किंमत यांमुळे अनेक रुग्ण ते सोडून देतात. हृदयविकार किंवा पक्षाघात आधीच झालेल्या २,७१७ रुग्णांवरील व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या यंत्रामुळे पुढील झटके कमी झाले नाहीत; मात्र झोपाळूपणा व जीवनमान यांत सुधारणा झाली. या चाचणीतील रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी केवळ ३.३ तास वापरले होते.

इतर उपाय

दंतवैद्यांकडून तयार करून घेतलेले, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे साधन साध्या घोरण्यात व सौम्य ते मध्यम विकारात उपयुक्त ठरते. अडथळ्याचे स्थान निश्चित करून टॉन्सिल, मऊ टाळू, नाक किंवा जबडा यांवर शस्त्रक्रिया करता येते. जिभेच्या चेतातंतूला झोपेत विद्युत उत्तेजन देणाऱ्या रोपणास अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्निया असलेल्या प्रौढांसाठी टिरझेपॅटाइड या औषधास अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली.

घसा व जिभेच्या स्नायूंच्या व्यायामांवरही संशोधन झाले आहे. स्वित्झर्लंडमध्ये २५ रुग्णांवर झालेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे डिजरिडू हे वाद्य वाजवल्याने लक्षणे कमी झाल्याचे दिसले. जयपूर येथील ३० रुग्णांवरील व २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियमित शंख वाजवणाऱ्यांमध्ये अशीच सुधारणा आढळली. हे अभ्यास लहान असून असे व्यायाम प्रस्थापित उपचारांची जागा घेऊ शकत नाहीत. घोरणे थांबवण्याचा दावा करणाऱ्या पट्ट्या, फवारे व तत्सम वस्तूंनी आवाज कमी झाला तरी श्वासरोध चालूच राहू शकतो. त्यामुळे तपासणीपूर्वी केवळ आवाज बंद करण्याचा प्रयत्न निदान लांबवू शकतो.

संशोधनाचा इतिहास

चार्ल्स डिकन्स यांच्या ‘द पिकविक पेपर्स’ (१८३६–३७) या कादंबरीत कामाच्या मध्येच झोपी जाणारा व घोरणारा जो नावाचा लठ्ठ मुलगा आहे. त्यावरून १९५६ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी लठ्ठपणा, झोपाळूपणा व मंद श्वसन एकत्र आढळणाऱ्या अवस्थेला ‘पिकविकियन सिंड्रोम’ असे नाव दिले. झोपेत घशाचा मार्ग वारंवार बंद पडतो, हे १९६५ मध्ये फ्रान्स व जर्मनी येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. १९७६ मध्ये क्रिस्तियाँ गिलेमिनो व सहकाऱ्यांनी ‘स्लीप ॲप्निया सिंड्रोम’ ही संज्ञा रूढ केली.

त्या काळी तीव्र विकारावर श्वासनलिकेला बाहेरून छिद्र पाडणे हाच खात्रीचा उपाय होता. सिडनी येथील कॉलिन सलिव्हन व सहकाऱ्यांनी नाकातून दाबाने हवा देण्याची पद्धत पाच रुग्णांवर यशस्वी झाल्याचे १९८१ मध्ये प्रसिद्ध केले आणि शस्त्रक्रियेविना उपचाराचा मार्ग खुला झाला.

समाज व संस्कृती

घोरणे हा बहुतेक समाजांत विनोदाचा विषय आहे. भारतीय परंपरेत दीर्घ व गाढ झोपेचे प्रतीक म्हणून रामायणातील कुंभकर्णाचा उल्लेख होतो. वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडात त्याला जागे करण्याच्या प्रसंगाचे विस्तृत वर्णन आहे. मराठीत दिवसा झोपणाऱ्याला ‘कुंभकर्ण’ म्हणण्याची आणि गाढ झोपलेल्याविषयी ‘ढाराढूर घोरत पडला आहे’ असे म्हणण्याची रीत आहे. घोरणे व निवांत झोप यांचा संबंध भाषेतच असा रुजलेला असल्याने, दिवसा पेंगणाऱ्या व रात्री मोठ्याने घोरणाऱ्या व्यक्तीकडे रुग्ण म्हणून न पाहता आळशी म्हणून पाहिले जाण्याची शक्यता असते.

संगीतकार बप्पी लाहिरी यांचे १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झाले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूचे कारण म्हणून अवरोधक स्लीप ॲप्नियाचा उल्लेख केल्यानंतर या विकाराविषयी भारतीय वृत्तपत्रांत व दूरचित्रवाणीवर चर्चा झाली.

हेसुद्धा पाहा

• झोप
• निद्रानाश
• उच्च रक्तदाब
• लठ्ठपणा
• टॉन्सिल